ही किल्ली नक्की कोणाची?

2019 मध्ये हाँगकाँगच्या रस्त्यांवर लाखो माणसं उतरली. प्रत्यार्पणाच्या प्रस्तावित कायद्याला त्यांचा विरोध होता. एवढ्या गर्दीत मोबाईलचं नेटवर्क तुंबायचं, आणि सरकार इंटरनेटच बंद करील अशी धास्तीही होती. तेव्हा अनेकांनी ब्रिजफाय नावाचं एक अॅप फोनमध्ये घेतलं. त्याला ना टॉवर लागत होता, ना इंटरनेट. एका फोनमधून निघालेला संदेश ब्लूटूथने शेजारच्या फोनमध्ये जायचा, तिथून पुढच्या फोनमध्ये, असं करत करत गर्दीच्या दुसऱ्या टोकाला पोचायचा. याच शहरातल्या 2014 च्या आंदोलनात फायरचॅट नावाच्या अॅपने हेच काम केलं होतं.

2020 च्या ऑगस्टमध्ये लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातल्या संशोधकांनी ब्रिजफायची तपासणी प्रसिद्ध केली. तिचे निष्कर्ष अंगावर काटा आणणारे होते. कोण कोणाशी बोलतं याचा माग काढता येत होता, खासगी संदेश फोडता येत होते आणि दुसऱ्याच्या नावाने संदेश पाठवताही येत होता. संदेश गुप्त करण्याची सोय या अॅपमध्ये नव्हती असं नाही. ती होती. पण ज्या किल्लीने संदेश बंद करायचा ती किल्ली समोरच्या माणसाचीच आहे, याची खातरजमा कुठेच होत नव्हती. पोलिसांच्या पहाऱ्यात उभ्या असलेल्या माणसासाठी ही उणीव जिवावर बेतू शकते. त्याच वर्षी ब्रिजफायने आपली संदेश गुप्त करण्याची पद्धत बदलली.

या प्रकरणाचा प्रश्न तोच आहे. टॉवर नाही, सर्व्हर नाही, साक्ष द्यायला कोणी अधिकारी नाही. हवेतून एक किल्ली आली आणि ‘मी अमक्याची’ म्हणाली. तिच्यावर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा?

दोन किल्ल्या आणि एक तोतया

1976 पर्यंत गुप्त संदेशांची एक अट होती. बोलणाऱ्या दोघांकडे आधीपासून एकच गुपित हवं, आणि ते गुपित पोचवायला भरवशाचा माणूस हवा. त्या वर्षी व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी ही अट मोडीत काढली. त्यांच्या कल्पनेत प्रत्येकाकडे किल्ल्यांची जोडी असते. सार्वजनिक किल्ली चव्हाट्यावर मांडायची आणि खासगी किल्ली स्वतःपाशी ठेवायची. सार्वजनिक किल्लीने बंद केलेला संदेश जोडीतल्या खासगी किल्लीनेच उघडतो. खासगी किल्लीने केलेली डिजिटल सही कोणालाही सार्वजनिक किल्लीने तपासता येते. पुढे रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी ही कल्पना प्रत्यक्षात आणणारी आरएसए पद्धत शोधली आणि ती 1978 मध्ये छापून आली.

सार्वजनिक किल्ली कोणी पाहिली तर काही बिघडत नाही. ती कोणी बदलली तर मात्र सगळंच बिघडतं.

समजा पूरग्रस्त भागात नंदा आणि इक्बाल हे दोन स्वयंसेवक काम करताहेत. दोघांची पूर्वीची ओळख नाही आणि त्यांच्यामध्ये एक तोतया फोन घेऊन उभा आहे. नंदाचा फोन आपली सार्वजनिक किल्ली पाठवतो. तोतया ती अडवून ठेवतो आणि स्वतःची किल्ली ‘ही नंदाची’ म्हणून इक्बालकडे धाडतो. उलट दिशेनेही तो हेच करतो. आता नंदा जे लिहील ते तोतयाच्या किल्लीने बंद होणार. तो ते उघडणार, वाचणार, हवं तर ‘औषधं शाळेत’चं ‘औषधं देवळात’ करणार आणि इक्बालच्या खऱ्या किल्लीने पुन्हा बंद करून पुढे ढकलणार. दोघांच्याही पडद्यावर कुलपाचं चित्र झळकत राहणार. गणितात कुठेच चूक झालेली नाही. खोटी पडली ती फक्त ‘ही किल्ली नंदाची’ ही माहिती.

डिफी आणि हेलमन यांनी यावर सार्वजनिक सूचीचा उपाय सुचवला होता. टेलिफोन डिरेक्टरीसारख्या या सूचीत प्रत्येकाची किल्ली सापडेल. 1978 मध्ये लोरेन कोनफेल्डर या एमआयटीच्या विद्यार्थ्याने आपल्या पदवीच्या प्रबंधात त्यापुढची पायरी मांडली. प्रत्येक वेळी सूची उघडायला नको. सूची सांभाळणाऱ्यानेच ‘ही किल्ली या माणसाची’ असा दाखला लिहून त्यावर डिजिटल सही करावी. तो दाखला कोणाकडूनही आला तरी चालेल, कारण सही तपासता येते. डिजिटल प्रमाणपत्राचा जन्म असा झाला. बँकेची वेबसाइट उघडताना आपला ब्राउझर आजही असंच प्रमाणपत्र तपासतो, आणि ते देणाऱ्या संस्थांची यादी त्याच्यात आधीच भरलेली असते.

ही व्यवस्था भक्कम आहे, पण ती वरून खाली टांगलेली आहे. वरचा खिळा निसटला की खालचं सगळं कोसळतं. 2011 मध्ये डिजिनोटार या डच संस्थेच्या यंत्रणेत घुसखोरी झाली आणि गुगलच्या नावाने खोटं प्रमाणपत्र निघालं. ते इराणमधल्या लोकांवर पाळत ठेवायला वापरलं गेलं. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात संस्थेचं दिवाळं निघालं.

जिथे कार्यालयच नाही

आता हा वरचा खिळाही काढून टाकू. स्थिर यंत्रणेशिवाय चालणाऱ्या बिनतारी जाळ्याला तंत्रज्ञ अॅड हॉक नेटवर्क म्हणतात. त्यात प्रत्येक उपकरण स्वतःचे संदेश पाठवतं आणि दुसऱ्याचे पुढे ढकलतं. या कल्पनेची मुळं 1970 च्या दशकातल्या अमेरिकी लष्कराच्या पॅकेट रेडिओ प्रयोगांत आहेत, कारण रणांगणावर टॉवर उभारायला वेळ नसतो. 1997 मध्ये इंटरनेटचे मानदंड ठरवणाऱ्या आयईटीएफने अशा फिरत्या जाळ्यांसाठी वेगळा कार्यगट नेमला.

अशा जाळ्याची गरज लष्करापुरती नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईच्या अनेक भागांत वीज गेली आणि फोन मुके झाले. हातातलं यंत्र शाबूत होतं, त्यामागची यंत्रणा बुडाली होती. भूकंप, पूर, वादळ यांत हे वारंवार घडतं.

अशा वेळी किल्लीची खातरजमा अवघड होण्याची कारणं एकात एक गुंतलेली आहेत. हवेतला संदेश आसपासच्या कोणालाही ऐकू येतो आणि कोणालाही घुसडता येतो. संदेश अनोळखी फोनांतून प्रवास करतो, म्हणजे तोतयाला मध्ये बसायची जागा आयतीच मिळते. माणसं येतात-जातात, बॅटऱ्या संपतात, आत्ताचा शेजारी तासाभराने नसतो. आणि प्रमाणपत्र तपासायला ज्याला विचारायचं तो सर्व्हर आवाक्यात नाही.

1999 पासूनच्या काही वर्षांत या प्रश्नावर जोमाने काम झालं. त्यातून निघालेल्या वाटांचा फरक एका प्रश्नाने कळतो. विश्वास पहिल्यांदा कुठे जन्मतो? अधिकाऱ्यांच्या गटात, ओळखींच्या साखळीत की दोन माणसांच्या भेटीत?

अधिकार वाटून देणं

कॉर्नेल विद्यापीठातल्या लिडाँग झाऊ आणि झिग्मंट हास यांनी 1999 मध्ये सुचवलं, की प्रमाणपत्र देणारा अधिकारी राहू द्या, पण त्याची खासगी किल्ली एका जागी ठेवू नका. तिचे वाटे करून अनेक उपकरणांत ठेवा. त्यांतली ठरावीक संख्येची उपकरणं एकत्र आली तरच सही होईल.

वाटे करायचे कसे, हे आदी शमीर यांनी 1979 मध्ये एका छोट्या निबंधात दाखवलं होतं. निबंधाच्या सुरुवातीला एक जुनं कोडं आहे. अकरा शास्त्रज्ञांना कागदपत्रं कपाटात अशी बंद करायची आहेत, की कोणतेही सहा जण जमले तर कपाट उघडावं आणि पाच जमले तर उघडू नये. साध्या कुलपांनी हे करायचं तर कमीत कमी 462 कुलपं लागतात आणि प्रत्येकाला 252 किल्ल्या बाळगाव्या लागतात.

शमीर यांची युक्ती शाळेतल्या भूमितीची आहे. समजा गुपित आहे 7, आणि कोणत्याही दोघांनी मिळून ते उघडायचं आहे. आपण एक सरळ रेषा निवडतो. माणसाच्या क्रमांकाला 3 ने गुणा आणि 7 मिळवा. पहिल्या माणसाला 10 मिळेल, दुसऱ्याला 13, तिसऱ्याला 16, चौथ्याला 19, पाचव्याला 22. आता दुसरा आणि पाचवा एकत्र आले. तीन पावलांत 9 चा फरक, म्हणजे एका पावलाला 3. दुसऱ्यापासून दोन पावलं मागे शून्यावर गेलं की 13 वजा 6, म्हणजे 7. गुपित सापडलं. एकट्या दुसऱ्याकडे फक्त 13 आहे. एका बिंदूतून अगणित रेषा जातात, त्यामुळे त्याच्या दृष्टीने गुपित काहीही असू शकतं. तिघांची अट हवी असेल तर सरळ रेषेऐवजी वक्र घ्यायचा. प्रत्यक्षात आकडे प्रचंड असतात आणि अंकगणित थोडं वेगळं असतं, पण तत्त्व हेच.

झाऊ आणि हास यांच्या योजनेत सही करताना वाटे एका जागी आणावे लागत नाहीत. प्रत्येक उपकरण आपल्या वाट्याने अर्धवट सही करतं आणि त्या अर्धवट सह्या जोडून पूर्ण सही तयार होते. शिवाय वाटे ठरावीक काळाने बदलता येतात. वरच्या उदाहरणात प्रत्येकाने आपल्या क्रमांकाच्या दुप्पट आकडा मिळवला तर नवे वाटे 12, 17, 22, 27 आणि 32 होतील. गुपित 7 च राहतं. तोतयाने महिन्यापूर्वी चोरलेले 13 मात्र नव्या 32 शी जुळत नाहीत. त्याला एकाच कालावधीत पुरेसे वाटे चोरावे लागतात.

लवकरच लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रत्येक उपकरणालाच वाटा द्यायचं सुचवलं, म्हणजे आसपासचे शेजारीच प्रमाणपत्र देऊ शकतील. पण किती जणांची अट ठेवायची? आकडा मोठा ठेवला तर विरळ वस्तीत तेवढे शेजारी सापडत नाहीत. लहान ठेवला तर तोतयाचं फावतं. शिवाय सुरुवातीचे वाटे कोणीतरी वाटलेच पाहिजेत. रुग्णालय, सैन्यदल किंवा बचाव पथक अशा आधीपासून बांधलेल्या संघटनेला ही वाट शोभते. अनोळखी माणसांच्या जमावाला नाही.

ओळखीतून ओळख

1991 मध्ये फिल झिमरमन यांनी पीजीपी हा संदेश गुप्त करणारा प्रोग्राम सर्वांसाठी खुला केला. त्यात प्रमाणपत्र देणारी संस्था नाही. माझ्या ओळखीच्या माणसाच्या किल्लीवर मी सही करतो, तो त्याच्या ओळखीच्याच्या किल्लीवर करतो, आणि या सह्यांचं जाळं विणलं जातं. लग्नाचं स्थळ आलं की आपण त्या गावातल्या नातेवाइकाकडे चौकशी करतो, तो शेजाऱ्याला विचारतो, तशीच ही साखळी. कडी वाढली की खात्री कमी होते, हेही तसंच.

स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या तंत्रज्ञान संस्थेत ज्याँ-पिएर युबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना फिरत्या जाळ्यात आणली. प्रत्येक उपकरण सगळी नाही, थोडीशीच प्रमाणपत्रं जवळ बाळगतं. नंदाला इक्बालची किल्ली तपासायची झाली तर दोघांचे फोन आपापला साठा एकत्र करतात आणि नंदापासून इक्बालपर्यंत सह्यांची साखळी मिळते का ते पाहतात. ओळखींच्या जाळ्यात कोणतीही दोन माणसं थोड्याच कड्यांनी जोडलेली असतात. पीजीपीच्या सह्यांचं जाळंही असंच निघालं. त्यामुळे छोटे साठे पुरतात.

याच गटाने 2003 मध्ये दाखवून दिलं, की माणसांचं फिरणं सुरक्षेला मदत करतं. तोवर हालचाल ही डोकेदुखी समजली जायची, कारण जाळं सारखं तुटतं. पण फिरणारी माणसं एकमेकांना भेटतात आणि प्रत्येक भेट किल्ली तपासून घेण्याची संधी असते. मला ही या विषयातली सर्वांत मोलाची सूचना वाटते.

साखळीचा दुबळेपणाही ओळखायला हवा. एक कडी खोटी किंवा निष्काळजी असली की पुढचं सगळं वाया. 2002 मध्ये जॉन डाउसर यांनी सिबिल हल्ल्याचं विश्लेषण मांडलं. कोणाचंही नियंत्रण नसलेल्या जाळ्यात एकच माणूस शेकडो नावं धारण करू शकतो आणि ती नावं एकमेकांच्या बाजूने साक्ष देऊ शकतात. खात्री देणारी केंद्रीय संस्था नसेल तर हे पूर्णपणे रोखणं व्यवहारात जवळजवळ अशक्य आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणून किती जण साक्ष देतात याला अर्थ नाही. साक्षीदारांपैकी कोणाला मी स्वतः ओळखतो, हे पाहायचं.

समोरासमोर

1999 मध्येच केंब्रिजच्या फ्रँक स्टाजानो आणि रॉस अँडरसन यांनी बदकाच्या पिल्लाचं सूत्र मांडलं. अंड्यातून बाहेर आल्यावर पिल्लू जी पहिली हलती गोष्ट पाहतं तिलाच आई मानतं, हे कॉनराड लोरेंझ यांच्या अभ्यासाने प्रसिद्ध झालं होतं. नव्या उपकरणाने तसंच वागावं. रुग्णालयातला बिनतारी थर्मामीटर ज्या यंत्राला पहिल्यांदा चिकटवला जाईल त्याच्याकडून किल्ली घ्यावी आणि पुढे त्याचंच ऐकावं. मालकाने मोकळं केलं तरच त्याने नवी आई शोधावी. किल्ली देण्यासाठी त्यांनी हवेतल्या लहरींऐवजी प्रत्यक्ष स्पर्श सुचवला, कारण कशाला काय टेकलं याबद्दल संशय राहत नाही.

2002 मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातल्या गटाने हा विचार सार्वजनिक किल्ल्यांना लावला. दोन उपकरणं इन्फ्रारेडच्या किरणाने एकमेकांना फक्त किल्लीचा ठसा देतात. ठसा म्हणजे किल्लीवरून गणिताने काढलेला छोटा आकडा. किल्ली जराशी बदलली तरी तो पार बदलतो. मग पूर्ण किल्ली नेहमीच्या बिनतारी मार्गाने येते आणि ठशाशी ताडून पाहिली जाते. इन्फ्रारेड कोणी चोरून पाहिला तरी हरकत नाही, कारण ठसा गुप्त नसतोच. तिथे दुसऱ्या कोणाला आपला ठसा घुसडता येऊ नये, एवढीच अट. समोर धरलेल्या यंत्राकडून आलेला किरण ती अट पुरी करतो. 2005 मध्ये कार्नेगी मेलनच्या संशोधकांनी इन्फ्रारेडच्या जागी फोनचा कॅमेरा आणला. एका पडद्यावर ठशाची चौकट, दुसऱ्याचा कॅमेरा तिच्यावर. आज क्यूआर कोड दाखवून आपण जे करतो ते हेच.

कॅमेऱ्याची सोय नसेल तर माणसाने आकडे ताडायचे. पण पूर्ण ठसा 64 अक्षरांचा असू शकतो, आणि तो कोणी धड वाचत नाही. मग छोटा केला तर? फोन गाडीला जोडताना दोन्ही पडद्यांवर सहा आकडे येतात, ते असेच. 2007 मध्ये ब्लूटूथच्या 2.1 आवृत्तीत ते आले. पण नुसता ठसा कापून सहा आकडे दाखवले असते तर तोतयाने बसल्या जागी लाखो किल्ल्या बनवून जुळणारी शोधली असती. संगणकाला ते काही क्षणांचं काम. म्हणून तिथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी किल्ल्यांची देवाणघेवाण होते. मग एक यंत्र एक यादृच्छिक अंक निवडतं आणि तो न दाखवता त्याचा ठसा पाठवून स्वतःला बांधून घेतं. त्यानंतर दुसरं यंत्र आपला अंक उघड करतं, आणि मग पहिलं. पडद्यावरचे सहा आकडे दोन किल्ल्या आणि दोन अंक या चारांवरून निघतात. तोतयाला सगळं कळेपर्यंत त्याचे हात बांधले गेलेले असतात. त्याला एकच डाव मिळतो आणि तो साधण्याची शक्यता दहा लाखांत एक.

पडदा नसलेल्या इअरफोनला ही तपासणी करता येत नाही. तिथे जोडणी आपोआप होते आणि मधल्या तोतयापासून संरक्षण मिळत नाही.

आपल्या हातातलं

व्हॉट्सअॅपमध्ये एखाद्याची माहिती उघडून सुरक्षा कोड पाहिला तर 60 आकडे आणि एक क्यूआर कोड दिसतो. ब्लूटूथला सहा पुरतात आणि इथे साठ लागतात, याचं कारण आता सांगता येईल. हा कोड केव्हाही, महिन्यांनंतरही ताडायचा असतो. तिथे हात बांधून घेण्याची ती क्रमवार देवाणघेवाण नाही. तोतयाला प्रयत्न करायला हवा तितका वेळ आहे, म्हणून आकडाच लांब हवा. पीजीपीचे वापरकर्ते किल्लीचा आठ अक्षरी क्रमांक पाहून समाधान मानत. 2014 मध्ये संशोधकांनी दाखवलं, की तोच क्रमांक असलेली खोटी किल्ली साध्या संगणकावर काही सेकंदांत बनवता येते.

ब्रायर नावाचं अॅप इंटरनेटशिवाय, ब्लूटूथ आणि वायफायवरूनही चालतं. त्यात समोरासमोर क्यूआर कोड वाचून माणूस जोडता येतो, किंवा दोघांच्या ओळखीचा तिसरा त्यांची गाठ घालून देऊ शकतो. कोणाची खातरजमा प्रत्यक्ष झाली आहे आणि कोण मध्यस्थामार्फत आलं आहे, हे अॅप वेगवेगळ्या खुणांनी दाखवतं. भेट आणि साखळी अशा दोन्ही वाटा इथे एकत्र आल्या आहेत, आणि त्यांतला फरक वापरणाऱ्यापासून लपवलेला नाही. बहुतेक अॅप मात्र पहिल्यांदा आलेली किल्ली मुकाट्याने खरी मानतात आणि नंतर ती बदलली तरच सूचना देतात. रोजच्या गप्पांना हे चालून जातं. पण पहिल्याच वेळी तोतया मध्ये असेल तर ही पद्धत त्यालाच इमानदारीने जपत राहते.

या सगळ्या योजना शेजारी ठेवल्या की एक गोष्ट ठळक होते. किल्ली आणि माणूस यांची गाठ कोणत्याही सूत्रातून निघत नाही. वाटे वाटणारा संस्थापक, सही करणारा मित्र, थर्मामीटर टेकवणारी परिचारिका, सहा आकडे ताडणारा चालक, अशी कोणाची तरी प्रत्यक्ष साक्ष सुरुवातीला लागतेच. गणित ती साक्ष जपतं, दूरवर नेतं आणि तिच्यात फेरफार झाला तर पकडतं. हे थोडंथोडकं काम नाही, पण ते साक्षीनंतरचं आहे.

केंद्र असलेल्या जाळ्यात ही साक्ष आपल्या वतीने दुसरं कोणी देतं. केंद्र गेलं की ती जबाबदारी आपल्याकडे येते, आणि संकटाच्या दिवशी ती पार पाडायला उसंत नसते. म्हणून बचाव पथकाने किल्ल्या सरावाच्या दिवशीच जुळवून ठेवाव्यात. पत्रकाराने आपल्या खबऱ्याचा कोड पहिल्या भेटीत वाचून घ्यावा. घरच्यांचे साठ आकडे सणाला सगळे जमतील तेव्हा ताडावेत. फोन हरवला किंवा बदलला तर किल्ली नवी होते, तेव्हा पुढच्या भेटीत ते पुन्हा करावं. टॉवर उभे असताना केलेल्या या खातरजमेवरच टॉवर पडल्यावरचा विश्वास उभा राहतो.